पान चारवरची एक

४ सप्टेंबर, गुरुवार

आज डस्टर आठवले. शाळा सुटण्यापूर्वी वर्गातले दोन लाकडी डस्टर खिडकीबाहेर धरून एकमेकांवर आपटायचे, हे आठवीत असताना माझं आणि टाचणीचं काम होतं. वारा उलटा असला की सगळा खडू आमच्याच अंगावर यायचा. टाचणीच्या वेण्या पांढऱ्या व्हायच्या, माझ्या भुवया. ती म्हणायची, "बघ, म्हाताऱ्या झालो की आपण अशाच दिसणार." मग दोघींना खोकला आणि हसू एकदमच यायचं, आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर जिन्यातून प्रार्थनेला हाक मारायच्या. एवढंच. त्यात जपून ठेवण्यासारखं काही नाही, तरी ते राहिलं आहे.

मी वर्गाची मॉनिटर होते. सिस्टर बाहेर गेल्या की बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची. टाचणीचं नाव रोज असायचं, कारण ती रोज बोलायची. पण मी ते सगळ्यांत शेवटी, खडू न टेकवल्यासारखं फिकट लिहायची, म्हणजे सिस्टरांना दिसू नये. मॉनिटरचं स्वतःचं नाव फळ्यावर कधीच नसायचं. कोण लिहिणार?

डस्टर आठवले कारण आज वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तसाच काळा फळा होता. तिथे आमच्या जाळ्याची पहिली बैठक झाली. पस्तीस वर्षं मी नर्सिंग कॉलेजात मुलींना शिकवलं की काम माणसाच्या अंगाला, झोपेला आणि मनाला काय करतं. त्या पस्तीस वर्षांत एक गोष्ट मला टोचत राहिली. छापखान्याच्या डॉक्टरकडे त्याच्या माणसांच्या पाठींची माहिती, रुग्णालयात नर्सांच्या झोपेची, पण प्रत्येकाचं कपाट वेगळं आणि किल्ली वेगळी. म्हणून हे जाळं. आठ जागा, सगळीकडे तेच चाळीस प्रश्न, आणि सगळ्यांचे तक्ते सगळ्यांनी बघायचे.

युनियनवाली बाई, जिला सगळे भोंगा म्हणतात आणि जी ते नाव अभिमानाने मिरवते, म्हणाली की जाळं म्हटलं की कुणीतरी अडकणार. सगळे हसले. लाँड्रीचा व्यवस्थापकही हसला. मालकांच्या बाजूचा तो एकटाच आमच्यात आला आहे. चाळिशीचा, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. रुग्णालयांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री त्याच्याकडे आहे, आणि पहिला नमुना-अभ्यास आम्ही तिथेच केला.

टाचणी तिथेच काम करते. डाग-खोलीत. हे हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. आमच्या कागदांवर ती क्रमांक एकतीस आहे. जुलैत तिने मला सांगितलं होतं की डाग काढायच्या द्रवाचा वास खोलीत साठतो, दुपारनंतर डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. "पण माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस," ती म्हणाली होती. लाँड्रीच्या माडीवर तिला राहायला खोली आहे. कामाला नालायक ठरली तर खोली जाईल, आणि तिच्याबरोबर रस्त्यावर येईल तिची थोरली बहीण, जिला आता सावल्यांपलीकडे काही दिसत नाही.

मी शब्द दिला आहे.

व्यवस्थापकाने जाताना तक्त्यांची प्रत घडी करून खिशात ठेवली. बाकीच्यांनी ती टेबलावरच ठेवली होती, चहाच्या कपांखाली.


९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आकडेमास्तरांचा फोन आला. हे आमचे संख्यांचे तज्ज्ञ, माझ्या मुलीच्या वयाचे, इतके सावध की दारात शिरतानाही पायऱ्या मोजत असतील. म्हणाले, "मॅडम, पान चार बघा."

पान चार बघितलं. डाग-खोली, स्त्रिया, पन्नाशीच्या पुढे, चक्कर आणि हाताला बधिरपणा: १.

आमच्यात पहिला नियमच हा आहे. कोणत्याही चौकटीत पाचांहून कमी माणसं असली तर आकडा लिहायचा नाही, तिथे तारा घालायचा. कारण "एक" हा आकडा राहत नाही, तो माणूस होतो. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं आहे. डाग-खोलीत तीन बायका आहेत. दोघी अजून तिशीतही नाहीत.

आकडेमास्तर पुन्हा पुन्हा माफी मागत होते. तारे त्यांनी घातले होते असं त्यांना पक्कं आठवतं, पण छापताना जुनी प्रत गेली असेल, चूक आपलीच. हे कसं झालं कुणास ठाऊक. मी त्यांना म्हटलं, होतं कधी कधी.

फोन ठेवल्यावर बघितलं तर टेबलाची कड मी इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उठला होता.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

टाचणीकडे जाऊन आले. सांगायलाच गेले होते.

माडीचा जिना चढतानाच तो वास येतो, गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा. तिच्या खोलीत पडद्यांनाही येतो. ताईंनी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने, पावलांवरून मला ओळखलं. "मॉनिटर आली गं," म्हणाल्या. टाचणी हसत आली. ब्लाउजचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलं होतं. मी ते नीट केलं तर म्हणाली, शाळेत माझा गणवेश तपासायचीस, अजून सवय गेली नाही का.

चहा तिने दोन्ही हातांनी कप धरून प्यायला, लहान मूल पितं तसा. दूध उतू गेलं, करपल्याचा वास खोलीभर झाला तरी ती गप्पा मारत बसली. ताई म्हणाल्या, हिला हल्ली वासच येत नाही, कालही भांडं जाळलं. टाचणी म्हणाली, ताईला दिसत नाही, मला वास येत नाही, दोघी मिळून एक धड बाई होते. आम्ही तिघी हसलो. माझ्या मनात सारखं एकच चाललं होतं, आता सांगते, या घोटानंतर सांगते.

तिने विचारलं, "तुझं ते जाळं कसं चाललंय?"

मी म्हटलं, छान.

निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि दुसऱ्या पायरीवर तिचा पाय चुकला. कठडा होता म्हणून बरं. थकली असेल बिचारी. वयही झालं. मला मात्र सगळा वेळ वाटत होतं की खालच्या कचेरीच्या काचेतून कुणीतरी बघत आहे, ही कोण बाई एकतीस नंबरकडे येते.

आता तिच्याकडे जायचं नाही. जाण्यानेच तिचं नाव उघडं पडेल.


१३ सप्टेंबर, शनिवार

क्रमांक आणि नावं ज्या वहीत जोडलेली आहेत ती एकच वही आहे आणि ती माझ्याकडे आहे. शाळेतल्यासारख्याच चार रेघी वहीत, मी माझ्या त्याच सुरेख अक्षरात लिहिली आहे. किती अभिमान वाटला होता तेव्हा. इतकं स्वच्छ अक्षर की कुणालाही वाचता येईल.

आज ती शिलाई मशीनच्या खणातून काढून उशीच्या अभ्र्यात घातली. मग तिथून काढून पुस्तकांच्या मागे. मग पिठाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून. ह्यांनी पोळ्यांसाठी डबा उघडला आणि शांतपणे विचारलं, "ही लाटायची आहे का?"

मी रागावले. मग रडले. हे म्हणाले, अगं, झालंय तरी काय, नीट सांग. मी म्हटलं, कामाचं आहे. पस्तीस वर्षं त्यांना हेच उत्तर मिळालं आहे, त्यामुळे त्यांनी पीठ चाळून घेतलं.


१६ सप्टेंबर, मंगळवार

व्यवस्थापकाचा फोन आला. नाव दिसलं आणि मी फोन उशीखाली ठेवला. उशीतून तो गुरगुरत राहिला. थांबला. पुन्हा आला.

संध्याकाळी मेल: "मॅडम, पान चारबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. शक्यतो एकट्याशी."

एकट्याशी का?

उत्तर दिलं नाही.


१८ सप्टेंबर, गुरुवार

भोंग्याने तातडीची बैठक बोलावली. पान चार तिच्याही लक्षात आलं होतं. तिचा आवाज खालच्या वाचकांपर्यंत गेला असणार. ती म्हणाली की मालकाच्या माणसाला आत घेतलं तेव्हाच तिने सांगितलं होतं. आता तो त्या बाईला शोधून काढणार, काहीतरी कारण दाखवून घरी बसवणार, आणि उद्यापासून एकही बाई आपल्या प्रश्नांची खरी उत्तरं देणार नाही. ना ह्या लाँड्रीत, ना छापखान्यात. जाळं उभं राहण्याआधीच तुटलं.

व्यवस्थापकाला बोलावलंच नव्हतं. त्याची खुर्ची रिकामी होती आणि सगळे तिच्याकडेच बघून बोलत होते.

आकडेमास्तर उभे राहिले. म्हणाले, चूक माझी आहे, मी बाहेर पडतो. त्यांची बायको सात महिन्यांची गरोदर आहे आणि ह्या कामावर त्यांची पुढची नेमणूक ठरणार आहे. भोंगा म्हणाली, बाहेर पडून काय ती बाई वाचणार आहे का, बसा खाली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण जाळं माझं.

मी म्हटलं, घाईने निर्णय घ्यायला नको.

सिस्टर म्हणायच्या तसा आवाज काढून म्हटलं. घरी येऊन बराच वेळ हात धूत राहिले.


२२ सप्टेंबर, सोमवार

इथे तरी लिहायला हवं.

तारे मी काढून टाकले.

तीन तारखेला दुपारी शेवटची प्रत माझ्याकडे तपासायला आली होती. पान चारवर नुसते तारेच तारे होते. डाग-खोलीच्या ओळीत एकही आकडा नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, तिथे कुणाला काही होतच नाही. टाचणी जुलैत दीड तास बोलली होती, बोटं चोळत, मधूनमधून माझी चेष्टा करत, आणि त्या सगळ्याचा एक तारा झाला होता. मला ते सहन झालं नाही. वाटलं, निदान एकदा तरी ती मोजली जावी. मी एक एक करून आठ तारे काढून टाकले आणि खरे आकडे घातले. नियम माहीत होता. तरी वाटलं, आपल्याच माणसांत तर जाणार आहे.

शाळेत मी तिचं नाव फिकट लिहायची. ह्या वेळी ठसठशीत लिहिलं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आकडेमास्तर रोज सकाळी मेल पाठवतात की जुन्या प्रती शोधतो आहे, चूक नेमकी कुठे झाली ते सापडलं की कळवतो. मी उत्तर देते, काळजी घ्या.


२५ सप्टेंबर, गुरुवार

तो घरी आला होता.

हे बाजारात गेले होते. दाराच्या भिंगातून बघितलं तर व्यवस्थापक. हातात कागद, शर्ट आज चुरगळलेला. घंटी तीनदा वाजवली. मी दाराला पाठ लावून, श्वास धरून उभी होते. चौसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घरात. शाळेत लपाछपी खेळताना सुद्धा मी कधी इतकी निश्चल उभी राहिले नव्हते.

गेल्यावर दाराखाली चिठ्ठी सापडली. "मॅडम, मला माणूस नको आहे, मशीन हवं आहे. डाग-खोलीत तीन मशिनं आहेत आणि मला तिन्ही एकदम थांबवता येत नाहीत. कृपया फोन करा."

दहा वेळा वाचली. माणूस नको आहे, असं तो लिहितो म्हणजे माणूसच हवा असणार. मशीन सांगितलं की त्यावर कोण बसतं हे त्याला माहीतच आहे. इतकी साधी युक्ती. मी काय दूधखुळी आहे?

चिठ्ठी वहीत ठेवली आणि वही पुन्हा शिलाई मशीनच्या खणात.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

टाचणी पडली. दुपारी, चादरी इस्त्रीच्या गरम रोलरकडे नेताना. चक्कर आली आणि तोल सावरायला उजवा हात पुढे केला. रोलरवर.

ताईंनी शेजारणीकडून फोन करवला. रुग्णालयात आहे. शुद्धीवर आहे. हात कोपरापर्यंत.

पुढे लिहिता येत नाही.


२९ सप्टेंबर, सोमवार

आज मला आत सोडलं. तिच्या खाटेवरच्या चादरीच्या कोपऱ्यावर तिच्याच लाँड्रीचा शिक्का होता. तिने तो डाव्या हाताने मला दाखवला आणि म्हणाली, बघ, डाग नीट निघालाय की नाही.

डॉक्टर म्हणतात, भाजलेलं भरून येईल, पण बोटांचा बधिरपणा आधीचा आहे, महिन्यांपूर्वीचा, आणि त्यातला किती परत येईल सांगता येत नाही. वास येईलच असं नाही. "आधी कुणाला सांगितलं नव्हतं का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला सांगितलं होतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. पान चार, तारे, आकडेमास्तर, फोन, चिठ्ठी, दारामागे उभं राहणं. ती छताकडे बघत ऐकत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ चालू होता.

"म्हणजे त्याने मशीन विचारलं होतं."

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तुझं नाव उघडं पडलं असतं. मी शब्द दिला होता."

ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"मॉनिटर, नाव सांगू नकोस असं म्हटलं होतं मी. वास सांगू नकोस असं कधी म्हटलं? मधलं मशीन गळतंय, त्याच्यामागची हवेची जाळी कापसाने बुजलीय, हे सांगायला माझं नाव कशाला लागतं? मग तुला सांगितलं तरी कशाला होतं मी? मन मोकळं करायला माझी ताई आहे."

तीन महिने मी तिचं नाव जपत होते. पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात. आणि ती रोज सकाळी त्याच खोलीत जात होती. करपलेलं दूध, चुकलेलं बटण, चुकलेली पायरी, सगळं मी स्वतःच्या हाताने ह्या दैनंदिनीत लिहिलं आहे. आज मागची पानं वाचली. पस्तीस वर्षं विद्यार्थिनींना ही लक्षणं तोंडपाठ करायला लावणारी बाई लिहिते, थकली असेल बिचारी.

परिचारिका वेळ संपल्याचं सांगायला आली. मी उठले तेव्हा टाचणीने विचारलं, "त्या दोघी पोरी अजून त्याच खोलीत आहेत का?"

माहीत नव्हतं. हेही मला विचारायचं सुचलं नव्हतं.


३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मी फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला त्याने. मी म्हटलं, मधलं मशीन, मागची जाळी. तो म्हणाला, "थांबा," आणि मला पावलं ऐकू आली, दार, माणसांचे आवाज, मग एक गुणगुण बंद पडली. इतकी सवयीची असणार ती गुणगुण की बंद झाल्यावर तिकडे सगळेच गप्प झाले.

दुपारी तो भेटायला आला. ह्यांनी दार उघडलं, चहा केला आणि आज आतल्या खोलीत न जाता माझ्या शेजारी बसले.

तो म्हणाला की दोन वेळा वरिष्ठांना लिहिलं होतं, खोलीतल्या हवेबद्दल. पुरावा काय, असं उत्तर आलं. पान चारवरचा तो "एक" हा त्याला मिळालेला पहिला कागद होता. तो कोण आहे हे त्याला बैठकीतच, घडी करतानाच कळलं होतं. "तिघींपैकी कोण हे कळायला काय लागतं, मॅडम? पण मी तिला विचारलं असतं तर ती घाबरून नाही म्हणाली असती. म्हणून तुम्हाला विचारत होतो."

मी विचारलं, "तेव्हा तुम्हाला कळलं होतं, तर तुम्ही तिला कामावर ठेवलं असतं का?"

त्याने कप खाली ठेवला. "मशीन नक्की बंद केलं असतं. तिचं... आज मी हो म्हणेन. त्या दिवशी काय म्हटलं असतं, सांगता येत नाही."

निदान खोटं तरी बोलला नाही. तो गेल्यावर मला जास्तच भीती वाटली. राक्षस समजून दार लावून घेतलं होतं. तो खरंच राक्षस असता तर बरं झालं असतं.


२ ऑक्टोबर, गुरुवार

सोमवारी कामगार-सुरक्षा अधिकाऱ्यांसमोर सुनावणी आहे. वाचनालयाच्याच हॉलमध्ये घ्यायचं ठरलं, कारण टाचणीला लांब नेता येणार नाही आणि लाँड्रीत ती पाऊल टाकायला तयार नाही. ती स्वतः बोलणार आहे, स्वतःच्या नावाने. मी म्हटलं, खोली? ती म्हणाली, वास येत नाही म्हणून रडत बसू की खोली जाईल म्हणून, एकाच कशावर तरी रडते.

घरी आले तर हे मोजपट्टी घेऊन माझ्या कामाच्या खोलीत वाकले होते. म्हणाले, "दोन खाटा बसतात. तुझं कपाट मात्र बाहेर काढावं लागेल." मी काही बोलले नव्हते. त्यांनीही विचारलं नव्हतं. मग म्हणाले, ताईंना दिसत नाही तर दाराजवळची खाट त्यांना, भिंतीला धरून जाता येईल.

आकडेमास्तरांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोन उचलून ठेवला. घाबरट आहे मी. चिठ्ठीतला मजकूर कळायला मला टाचणीचा हात जळावा लागला, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? पण सोमवारी ते उभं राहून पुन्हा म्हणतील, चूक माझी. तो प्रसंग रोज डोळ्यांसमोर येतो.


६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

दहाला सुनावणी. घाईत लिहिते आहे म्हणून अक्षर असं. सिस्टरांनी बघितलं असतं तर पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं.

कदाचित दुपारनंतर मला जाळ्यात ठेवणार नाहीत. त्यांनी ठेवूही नये. तेव्हा मला नीट बोलता येईल असं वाटत नाही, म्हणून काय कुणाकडे जायचं ते आत्ताच लिहून हे पान ह्यांच्या खिशात देते. ते मोठ्याने वाचतील. त्यांना वाचायला आवडतं, आणि कुणाला घाबरत नाहीत.

क्रमांक आणि नावांची वही: आकडेमास्तरांकडे. कुलपात ठेवावी आणि तिला किल्ल्या दोन कराव्यात, दुसरी भोंग्याकडे. एका माणसाच्या घरात, एका माणसाच्या भीतीबरोबर, ती पुन्हा कधी ठेवू नये. वहीला थोडं पीठ लागलेलं आहे.

त्यातलं एकतीस क्रमांकाचं पान मी काढलं आहे. ते टाचणीला. ते तिचं आहे, तिने हवं त्याला दाखवावं, नाहीतर चुलीत घालावं.

तीन सप्टेंबरची प्रत, आकडेमास्तरांचे तारे होते तशी, आणि त्याखाली माझ्या सहीचा कबुलीजबाब: त्यांच्या नेमणूक समितीला, आजच्या आज. सोबत त्यांच्या बायकोला, जिला मी भेटलेले नाही, हे सांगावं की तिचा नवरा पायऱ्या मोजतो ते बरोबर आहे.

दाराखालून आलेली चिठ्ठी: सुरक्षा अधिकाऱ्यांकडे. व्यवस्थापकाने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं, हे दोन्ही मी तिच्यामागे लिहिलं आहे.

चाळीस प्रश्नांच्या यादीत एक्केचाळिसावा घालावा: "हे आम्ही कुणाला सांगितलेलं तुम्हाला चालेल, आणि काय सांगितलेलं?" शब्द भोंग्याने ठरवावेत. माझे गुळगुळीत होतात.

डाग-खोलीतल्या दोघी मुलींची तपासणी ह्या आठवड्यात व्हावी. ते व्यवस्थापकाकडे. रोज फोन करून विचारायचं काम माझ्याकडे, ते मात्र कुणी काढून घेऊ नये.

माझी कामाची खोली: ताई आणि टाचणी. दाराजवळची खाट ताईंची. कपाट कुठे जाईल ते हे बघतील.

ही दैनंदिनी: टाचणीला. तिला धरता येईल तेव्हा. तोवर तिने ताईंना म्हणावं की मॉनिटर काय काय लिहिते ते ऐक, आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावं. एकही ओळ गाळायची नाही.

राहिला खडू. तो मी काल वाचनालयातून मागून आणला, अख्खा, न वापरलेला. तो टाचणीच्या डाव्या हातात द्यावा. अधिकारी यायच्या आधी तिने फळ्यापाशी जावं आणि पहिलं नाव माझं लिहावं. वाकडं आलं तरी चालेल, पण फिकट नको.